कमावणं

सुभाषनगरच्या आमच्या बोळात
दुपारी ठोकणी थांबली
की माझी नखं ऐकू येतात.
डाव्या हाताच्या बेचक्यात, मग मनगटावर,
मग उजवीकडेही.

इसब हे नाव मला शेवटी कळलं.
आधी ती उष्णता होती,
मग वांगी बंद, मग अंडी बंद,
मग संक्रांतीला मालूताईपुढं वाण धरलं
तर म्हणाली, "ठेव की खाली, मी घेतो नंतर."
त्या दिवशी त्याला काय म्हणायचं
कुणालाच माहीत नव्हतं.

मी चपलेच्या वेण्या घालते.
सुतळीहून बारीक, सात पदरी.
चामडं भिजवल्याशिवाय वळत नाही,
म्हणून हात दिवसभर त्याच पाण्यात.
संध्याकाळी भांडी, पावडर, पुन्हा पाणी.

कडुलिंब तर सगळ्यांनीच सांगितला.
प्रज्वलनं टेंबलाईच्या टेकडीवरून पिशवी भरून पाला आणला,
उकळला, गार केला, पातेल्यात हात बुडवून बसले.
पातेलं पुढं चार दिवस कडू.
भात कडू, चहा कडू, प्रज्वल कडू.
खाज तासभर निवायची, एवढं खरं.

लिंबू चोळ म्हणणारा तो पानपट्टीवाला
मला एकदा भेटायला पाहिजे.
त्या रात्री मी घरभर नाचले.
लसूण कुणी सांगितला तोवर
मी शहाणी झाले होते.

मग गगनबावड्याच्या आत्यानं
यष्टीच्या कंडक्टरच्या हाती
कोकमतेलाचा गोळा धाडला, वर्तमानपत्रात गुंडाळून.
टणक, पिवळट, खडूसारखा.
मुठीत धरला तर हळूहळू सुटत गेला,
रुसलेलं माणूस बोलायला लागावं तसा.

सीपीआरची डॉक्टरीण घाईत होती.
चष्मा कपाळावर, मागं साठ माणसं.
"पाणी कोमट. साबण साधा, वासाचा नको.
पुसायचं नाही, टिपायचं.
ओल आहे तोवरच तेल.
नखं कापा. रात्री सुती मोजे.
ही ट्यूब पंधरा दिवस, मग थांबवायची.
चिघळलं, पू झाला, तर पाला-बिला न लावता इथं या.
आणि ते चामडं
हातमोजे घालून जमेल का?"

हसूच आलं.
पदर मोजतात ती बोटं, बाई.
रबराला काय कळणार
कुठला वरनं, कुठला खालनं?
तरी भांड्यांना घालते आता. तेवढं ऐकलं.

मुरलीधर काही बोलला नाही.
त्याच्या बापानं हयातभर
बाभळीच्या सालीत, हिरड्यात
म्हशीची कातडी मुरवली.
हा तयार जोडाला तेल पाजतो,
अंगठ्यानं, शिवणीच्या कडेकडेनं,
घाई नाही, जोर नाही.
एका रात्री दिवा घालवायच्या आधी
त्यानं माझा हात तसाच घेतला.
"एका दिवसात कमावतंय व्हय कातडं," म्हणाला.
कोकमाचा वास, त्याच्या बोटांना खळीचा वास,
वर जुन्या बनियनचे मी शिवलेले मोजे,
एक डावा मोठा झालेला.

बरं झालं नाही. कमी झालं.
थंडी लागली की बेचक्यात पुन्हा मुंगी चालते.
खाजवत नाही, वरून थोपटते,
तान्ह्या पोराला थोपटावं तसं,
आणि चुकून नख लागलं
तर कुणाला सांगत नाही.

परवा मालूताई आली. नातवाच्या कोपराला तेच.
दारातनंच विचारलं,
"ते कोकमाचं काय गं असतंय?"
मी सुरीनं अर्धा गोळा कापला
आणि सवयीनं उंबऱ्यावर ठेवला.
तिनं तो उचलला नाही.
माझ्या हाताकडं बघत उभी राहिली.

आत वेणी अर्धी पडली होती, सुकत चाललेली.
म्हशीचं बरं आहे.
एकदा कमावलं
की खाजत नाही.